‘मी आता घरात काय कामाचा?’

प्रश्न : ताई, माझे वडील ६३ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले आणि दोन-तीन वर्षांतच पाठ धरली. आम्ही वयोमान म्हणून बाम चोळत राहिलो, शेवटी एमआरआयमध्ये मणका दबलेला दिसला आणि तपासण्या होता होता मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर, निघाला. आम्ही त्यांना कॅन्सर असं सांगितलेलं नाहीये, रक्तात दोष आहे नि हाडं ठिसूळ झालीत एवढंच. सहा महिने झाले इंजेक्शनं-गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट चांगले येतायत. पण आण्णा पार बदललेत. आठवड्यातनं एक रात्र झोपतच नाहीत, दोन वाजता उठून स्वयंपाकघरातले डबे खाली काढून पुसत बसतात, आईवर ओरडतात, मग दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून. स्कूटरची किल्ली मी खुंटीवरनं काढून कपाटात ठेवली, दूध-भाजी बायको आणते, कशालाच हात लावू देत नाही आम्ही. तरी म्हणतात, मी आता घरात काय कामाचा, गेलो तर सुटाल सगळे. आमचं काय चुकतंय? (नाव नको, कराड)

उत्तर : भाऊ, आधी ते शेवटचं वाक्य. ‘गेलो तर सुटाल’ हे वैतागून म्हटलं असेल असं धरून सोडून देऊ नका. आज संध्याकाळी शेजारी बसा आणि सरळ विचारा, आण्णा, जीव द्यायचा विचार येतो का मनात? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं याचं माणसाला हायसं वाटतं. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, औषधांचा साठा आणि शेतातली फवारणीची औषधं वगैरे हाताशी ठेवू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता ते रात्रीचे डबे. मायलोमाच्या बहुतेक उपचारांत डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड असतं, बऱ्याचदा आठवड्यातनं एकदा, आणि एकदम मोठा डोस, ४० मिलिग्रॅम, वय जास्त असेल तर २०. त्या दिवशी माणूस चाळवल्यासारखा होतो, झोप उडते, चिडतो, भूक लागते, आणि अंमल उतरला की एकदम गळून जातो, रडू येतं. तुम्ही लिहिलंय ते अगदी ह्याच चालीवर चाललंय. घरच्या कालनिर्णयवर ह्या स्टिरॉइडच्या गोळ्यांच्या दिवसावर खूण करा आणि चार आठवडे कुठल्या दिवशी कसे होते ते दोन शब्दांत लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा, गोळी सकाळीच नाश्त्यानंतर घेतात का तेही सांगा, डोस कमी करता येतो का हे ते ठरवतील, तुम्ही मनाने बंद करू नका. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड नि कॅल्शियम बघायला सांगा. कॅल्शियम वाढलं की मायलोमात सुस्ती येते, माणूस गोंधळतो, आणि आपण म्हणतो मन लागत नाही. अंगात रक्तच कमी असेल तर ‘जरा फिरून या’ म्हणण्यात अर्थ नाही.

आणि आण्णांना हे सांगा की ती चिडचिड गोळीची आहे. मी रक्तविकारांच्या ओपीडीत बसते तेव्हा हे बघते, बायकोवर ओरडल्याची शरम माणसाला आतून खात असते, मी असा नव्हतो, मला झालंय काय. हे औषधामुळे होतंय हे कळलं ना की चेहराच बदलतो.

पण तुम्ही आजाराचं नावच सांगितलं नाहीये, मग हे सांगणार कसं? बघा, ३० वर्षं रस्त्यावरच्या पाट्या वाचत गाडी चालवलेला माणूस हॉस्पिटलच्या बाहेरची पाटी वाचत नसेल? शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट त्याला काही सांगत नसेल? त्यांना बहुतेक माहितीये, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून तेही गप्प आहेत. दोन्हीकडून मायाच आहे पण मधल्या मध्ये माणूस एकटा पडलाय. एकदम सगळं ओतू नका. ‘आण्णा, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय, काय जाणून घ्यायचंय?’ असं विचारा आणि मग ते जेवढं मागतील तेवढं खरं सांगा. जमत नसेल तर डॉक्टरांच्या समोर, पण त्यांना बाहेर बसवून नाही.

राहिली किल्ली. तुम्ही काळजीपोटी काढली हे मला दिसतंय हो, दबलेल्या मणक्याला खड्ड्यातले दणके नकोतच. पण ज्या माणसाच्या हातात रोज पन्नास जिवांचं स्टिअरिंग होतं त्याच्या घरातली किल्ली न विचारता कपाटात गेली. दूध गेलं, भाजी गेली, आता त्यांच्याकडे उरलं काय, गोळ्या खायच्या आणि पडायचं. ‘काय कामाचा’ हा प्रश्न तिथून आलाय. गाडी चालवायची की नाही हे डॉक्टरांना त्यांच्या तोंडावर सांगू दे, आणि किल्ली परत खुंटीला लावा. पुढच्या तारखेला दवाखान्यात जायला किती वाजता निघायचं, कुठल्या गाडीने, कुठे उतरायचं, हे सगळं त्यांनी ठरवावं, त्यांच्याइतकं ते तुमच्या घरात कोणाला कळतं? फाइल त्यांच्या हातात द्या. भाजी बसून निवडतील, लाइटबिल, दुधाचा हिशेब. वजन उचलणं आणि वाकणं तेवढं नको.

हे करूनही दोनेक आठवडे गोळ्या नसलेल्या दिवशीसुद्धा कशात रस वाटत नसेल, जेवण सुटलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मनाची गोळी सुरू झाली तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायचं, एकमेकांत अडू नयेत म्हणून.

प्रश्न : मी २९ वर्षांची, पुण्यात नोकरी. दोन वर्षांपूर्वी सीएमएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, निघाला, रोज त्यावरची इमॅटिनिब ही गोळी घेते. सकाळी डोळे सुजलेले असतात, रंग उजळलाय तर ऑफिसात म्हणतात, गोरी झालीस गं, काय लावतेस? मी हसते आणि बाथरूममध्ये जाऊन रडते. केस गेले नाहीत, केमो नाही, मग मला एवढं वाईट वाटायचा हक्क तरी आहे का? कधी वाटतं गोळीच घेऊ नये.

उत्तर : अगं, हक्क कसला मागतेस! दुःखाला टक्कल पडायला लागत नाही. डोळ्यांखालची सूज आणि रंग फिका होणं दोन्ही त्या गोळीचे ठरलेले परिणाम आहेत, डॉक्टरांना सांग, सुजेवर उपाय असतात. तुझ्याच अंगाचा बदल तुला नको असताना लोक त्याचं कौतुक करतात, ते बोचणारच. एकीला तरी, जिच्यावर विश्वास आहे तिला, खरं सांग म्हणजे ऑफिसात एक तरी चेहरा असेल जिच्यासमोर हसावं लागत नाही.

गोळी मात्र चुकवू नकोस, हात जोडून सांगते. हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं, त्याआधी सीएमएल म्हटलं की बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट नाहीतर इंटरफेरॉनची इंजेक्शनं. आपल्याकडे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते काढणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीला पेटंट नाकारलं, म्हणून स्वस्तातल्या गोळ्या मिळत राहिल्या. नीट लागू पडली तर बाकीच्यांइतकंच आयुष्य जगतात लोक. डोस सुटत गेले की बीसीआर-एबीएलचा, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते दाखवणारा, आकडा वर जातो. नकोशी वाटली की न घेता आधी डॉक्टरांना फोन कर, गोळी बदलताही येते. लग्नाचं तू लिहिलं नाहीस पण २९ म्हणजे घरी विषय निघत असणार. ह्या गोळीवर असताना दिवस राहू द्यायचे नसतात, पण आजार खोलवर आटोक्यात असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्लॅन करता येतं, म्हणजे ते दार बंद आहे असं कोणालाही म्हणू देऊ नकोस.

प्रश्न : सून ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, केमो घेऊन घरी आलीये. ताट-वाटी वेगळी ठेवली तर ती बोलेनाशी झाली. चुकलं का? (लातूर)

उत्तर : काकू, कॅन्सर उष्ट्याने, ताटाने, मिठी मारल्याने होत नाही. तिच्या तोंडावरचा मास्क आपल्यापासून तिला जपायला आहे, कारण तिच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. सर्दी-खोकलावाल्यांनी लांब राहायचं, जेवण ताजं, फळं धुऊन, आणि केमोनंतर दोन दिवस उलटी वगैरे साफ करताना हातमोजे, बाकी काही नाही. ती लग्नात घेऊन आलेली ताटं असतील ना घरात, त्यातलं एक काढा, आणि तिच्याजवळ बसून तुम्हीही जेवा. आणि तुम्ही हे विचारायला पत्र लिहिलंत हेही तिला सांगा.