टाइमआउट ‘मागितला’, ‘दिला’ की ‘घेतला’?

मालवणच्या एका क्रीडाशिक्षकांनी विचारले आहे की, शालेय बास्केटबॉल स्पर्धेचा अहवाल लिहिताना ‘प्रशिक्षकांनी पंचांकडे टाइमआउट मागितला’, ‘पंचांनी टाइमआउट दिला’ आणि ‘संघाने टाइमआउट घेतला’ यांपैकी कोणते वाक्य योग्य मानावे, आणि टाइमआउटऐवजी ‘विश्रांती’ लिहिलेले चालेल का.

टाइमआउट म्हणजे सामन्यात संघाला मागून मिळणारा एक मिनिटाचा थांबा. तिन्ही क्रियापदे योग्य आहेत, पण ती एकमेकांच्या जागी चालणारी नाहीत. चूक आहे ती पहिल्या वाक्यातल्या ‘पंचांकडे’ या शब्दात. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार टाइमआउट मागण्याचा अधिकार मुख्य प्रशिक्षक आणि पहिला सहायक प्रशिक्षक यांनाच असतो, आणि ती मागणी गुणलेखकाकडे, स्पष्ट शब्दांत व हाताची ठरलेली खूण करून करावी लागते. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत खेळाडूही थेट पंचांकडे मागणी करू शकतात. ते सामने पाहून आपल्याकडची मुले मैदानातूनच ‘टी’ची खूण करतात, पण फिबाच्या नियमांनी चालणाऱ्या सामन्यात त्या खुणेला किंमत नाही. म्हणून ‘गुणलेखकाकडे मागितला’ असे लिहावे.

मागणे आणि मिळणे यांत अंतर असते, हे अहवाल लिहिणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे. लपाछपीत ‘टाइम प्लीज’ म्हटले की त्याच क्षणी खेळ थांबतो. येथे मात्र संधी यावी लागते. समजा, ओरोसच्या मैदानावर कणकवली आणि वेंगुर्ले येथील शाळांचा सामना चालू आहे आणि चेंडू खेळात असताना कणकवलीच्या प्रशिक्षकांनी टाइमआउट मागितला. त्यानंतर वेंगुर्ल्याने बास्केट केली, तर वेळाधिकारी ताबडतोब घड्याळ थांबवून भोंगा वाजवील. पण बास्केट कणकवलीचीच झाली, तर खेळ तसाच चालू राहील, कारण मैदानी गोलानंतरची (खेळ चालू असताना केलेल्या बास्केटनंतरची) संधी गोल खाणाऱ्या संघाची असते. एरवी चेंडू मृत होऊन (म्हणजे खेळाबाहेर जाऊन) घड्याळ थांबले आणि पंचांचे टेबलाशी चाललेले बोलणे संपले की संधी दोन्ही संघांना खुली होते, आणि थ्रो-इनसाठी (रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्यासाठी) किंवा पहिल्या फ्री थ्रोसाठी चेंडू खेळाडूच्या स्वाधीन होताच ती संपते. भोंगा वाजेपर्यंत मागणी मागेही घेता येते. अशा वेळी ‘टाइमआउट मागितला, पण मागणी मागे घेतली’ हे वाक्य पूर्णपणे बरोबर ठरते. ‘घेतलेला टाइमआउट रद्द केला’ हे नव्हे.

‘देणे’ हे पंचांचे काम. त्यांनी शिट्टी वाजवून खूण केली की त्या क्षणापासून एक मिनिट मोजले जाते. ‘दिला’ म्हटल्याने पंचांनी मेहेरबानी केल्यासारखे वाटते, असा आक्षेप कोणी घेईल, पण पंच फाउल देतात, फ्री थ्रो देतात, आणि तेथे आपण कोणाची मर्जी शोधत नाही. नियमांत बसणारी मागणी असेल तर पंचांना नाही म्हणता येत नाही.

‘घेणे’ हा शब्द हिशेबाचा आहे. पूर्वार्धात 2, उत्तरार्धात 3 (त्यांतले चौथ्या सत्राच्या शेवटच्या 2 मिनिटांत जास्तीत जास्त 2) आणि प्रत्येक जादा वेळेत 1 एवढे टाइमआउट संघाला घेता येतात. न घेतलेला पुढे ओढता येत नाही. दोन्ही प्रशिक्षकांनी मागणी केली असेल, तर ज्याने आधी मागितला त्याच्या संघाच्या नावावर तो लागतो. याला अपवाद प्रतिस्पर्ध्याच्या गोलानंतर दिलेल्या टाइमआउटचा: तेव्हा तो गोल खाणाऱ्या संघाच्याच नावावर जातो.

‘विश्रांती’ मला पसंत नाही. त्या मिनिटात खेळाडू प्रशिक्षकाभोवती उभे राहून पुढची चाल ऐकत असतात, आणि खेळाच्या मधल्या विश्रांतीसाठी ‘मध्यंतर’ आधीच रुळलेला आहे. प्रेक्षकांतून येणारे मालवणी ‘रवा, रवा’ (थांबा, थांबा) कितीही नेमके असले, तरी त्याचे नाम होत नाही. तेव्हा ‘टाइमआउट’च ठेवावा, तो पुल्लिंगी चालवावा, आणि विभक्ती लावताना ‘टाइमआउटाची मागणी’ न लिहिता ‘टाइमआउटची मागणी’ लिहावे. ‘टाइमआउट झाला’ ही रचना मात्र टाळावी. क्रिकेटमध्ये ती बाद होण्याची तऱ्हा आहे, आणि 2023च्या विश्वचषकात अँजेलो मॅथ्यूज तसा बाद झाल्यापासून वाचकांच्या मनात तोच अर्थ आधी येतो.