फ्लुओ-४ वरून कॅल्शियमचा आकडा निघेल का?

प्रश्न थोडक्यात असा: हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) फ्लुओ-४ हा कॅल्शियम धरल्यावर चमकणारा डाय भरलाय, पेशींना चेतवणारं हिस्टामिन टाकल्यावर पेशी छान उजळतात, पण प्रत्येकीची चमक वेगळी, आणि गाइडना कॅल्शियम नॅनोमोलरमध्ये हवंय.

या डेटावरून भरवशाचा आकडा निघणार नाही. फ्लुओ-४ कॅल्शियमला धरला की फक्त चमक वाढते, रंग तोच राहतो. जाड पेशीत किंवा जास्त डाय शिरलेल्या पेशीत चमक आपोआप जास्त दिसते. सुरुवातीच्या चमकेच्या किती पट झाली, एवढंच छातीठोकपणे सांगता येतं.

आकडाच हवा तर फ्युरा-२ हा दुसरा कॅल्शियम डाय. रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९८५ मध्ये तो मांडला. कॅल्शियम धरलेला रेणू ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात जोरात उजळतो, मोकळा ३८० च्या. दोन्हींचा प्रकाश ५१० च्या आसपास मोजायचा. ३४० च्या चमकेला ३८० च्या चमकेने भागलं (हाच रेशिओ) की पेशीची जाडी आणि डायचं प्रमाण बऱ्यापैकी कटतं. शेवटी आयनोमायसिनसोबत (ते कॅल्शियमला पेशीत वाट करून देतं) भरपूर कॅल्शियम देऊन कमाल आणि कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए घालून किमान रेशिओ घ्यायचाच, तोही आपल्याच पेशींत, आपल्याच मायक्रोस्कोपवर. दुसऱ्याच्या पेपरातले रेशिओ उचलणारे भेटतात. त्यांच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आता लोडिंग, म्हणजे पेशीत डाय भरणं, कारण खरी गडबड तिथेच होते. डाय एएम एस्टर या पेशीत शिरू शकणाऱ्या रूपात देतात; तो आत गेल्यावर पेशीतली एस्टरेझ एन्झाइम्स ते एस्टर तोडतात. न तुटलेला डाय कॅल्शियम धरत नाही. म्हणून धुतल्यावर अर्धा तास थांबा. ३७ अंशाला डाय मायटोकाँड्रियातही घुसतो. ठिपके ठिपके दिसत असतील तर खोलीच्या तापमानाला लोड करून बघा. डाय बाहेर गळत असेल तर ती गळती रोखणारं प्रोबेनेसिड घाला.

आणि डाय जास्त भरू नका. शांत पेशीत मोकळं कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर. त्यात डाय स्वतःच स्पंजासारखा कॅल्शियम शोषतो, शिखर बुटकं होतं आणि उतार लांबतो. डाय निम्मा करून आलेखाचा आकार बदलतो का ते तपासा. बदलला, तर आधी जास्त झाला होता.

एक अडचण राहते. नेहमीच्या कॉन्फोकलवर (लेझरवर चालणारा मायक्रोस्कोप) ३४० ची लेझर नसते, आणि बऱ्याच ऑब्जेक्टिव्ह भिंगांमधून ती तरंगलांबी धड जातही नाही. तुमच्याकडे फिल्टर व्हील (प्रकाशाची तरंगलांबी झटपट बदलणारं चाक) असलेला साधा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आहे का? नसेल तर फ्लुओ-४ च ठेवा, आलेखाच्या उभ्या अक्षावर 'पट' लिहा आणि नॅनोमोलरचा हट्ट सोडायला गाइडना पटवा.