तिन्ही शर्टांवर ४०, मग एकच का बसतो?

प्रश्न : सर, माझ्या कपाटात आत्ता तीन शर्ट आहेत, तिन्ही ऑनलाइन घेतलेले आणि तिन्हींच्या कॉलरमागे ४० लिहिलंय. एक मस्त बसतो, दुसऱ्यात हात पुढे केला की पाठीत ताणतो, आणि तिसऱ्यात मी आणि माझा भाऊ दोघं आरामात मावू. गंमत म्हणजे हा तिसरा पहिल्याच कंपनीचा आहे. आता ऑर्डर करायची म्हटलं की ३८ घेऊ का ४२ यातच अर्धा तास जातो, शेवटी दोन साइज मागवतो आणि एक परत पाठवतो, बायको म्हणते कुरिअरवाला आता आपल्या घरचाच झालाय. यात काही नियम असतो का नाही?

उत्तर : कुरिअरवाल्याला माझा नमस्कार सांगा.

आता त्या ४० चं बघू. ४० काय, हे कुणी विचारतच नाही. काही कंपन्या ४० लिहितात तेव्हा त्यांना ४० इंच छातीचा माणूस म्हणायचं असतं. काही कंपन्या, विशेषतः फॉर्मल शर्टवाल्या, ४० लिहितात ते कॉलरचं माप असतं आणि तेही सेंटिमीटरमध्ये. ४० सेंटिमीटर म्हणजे पावणेसोळा इंच गळा. आता पावणेसोळा इंच गळ्याच्या माणसाची छाती किती असेल? ते त्या कंपनीने आपल्या अंदाजाने ठरवलेलं असतं. जाड मानेचा सडपातळ माणूस असतो तसा बारीक मानेचा भरदार छातीचाही असतो, त्यांनी कुठे जायचं. म्हणजे आकडा सारखा असला तरी एकाने छाती मोजलीय आणि दुसऱ्याने गळा, आणि आपण दोन्ही शर्ट एकाच मापाचे समजून मागवतो.

एस, एम, एलचं तर विचारूच नका. युरोपात ईएन १३४०२ नावाचं एक स्टँडर्ड आहे, त्यात कपडा किती मोठा आहे ते न लिहिता तो किती मापाच्या अंगासाठी आहे ते लिहायचं, सेंटिमीटरमध्ये, जमलं तर माणसाचं छोटं चित्र काढून त्यावर. कल्पना एकदम चांगली आहे. त्यात पुरुषांचा एम म्हणजे ९४ ते १०२ सेंटिमीटर छाती आणि १०२ च्या पुढे एल सुरू. आता ४० इंच म्हणजे १०१.६ सेंटिमीटर. म्हणजे ४० छातीचा माणूस बरोबर कुंपणावर बसलेला, श्वास भरून घेतला की एल आणि सोडला की एम! आणि हे स्टँडर्ड पाळलंच पाहिजे अशी सक्ती नाही, त्यामुळे एखाद्या कंपनीचा एम ३८ ला संपतो आणि दुसऱ्याचा ४२ पर्यंत जातो.

तुम्हाला खरी उपयोगाची गोष्ट आता सांगतो. साइज चार्ट उघडला की आधी बघायचं, ही मापं अंगाची आहेत का शर्टाची. बरेच जण इथेच फसतात. शर्ट कधीच अंगाएवढा नसतो, श्वास घ्यायला, हात हलवायला जागा सोडावी लागते. ४० छातीवर स्लिम शर्ट साधारण ४३ - ४४ इंच घेराचा असतो आणि रेग्युलर ४५ - ४६ चा, ढगळ फॅशनचा असेल तर त्याहून जास्त. आता चार्टमध्ये ‘छाती ४४’ दिसलं आणि ते शर्टाचं माप असलं तर तो तुमचा स्लिम आहे, पण अंगाचं असलं तर तो तुमच्यापेक्षा खूप जाड माणसाचा शर्ट आहे. आकडा तोच. काही साइटवर वर एक चार्ट असतो तो सगळ्या कंपन्यांना मिळून एकच, जनरल, आणि खाली त्या शर्टाचा वेगळा. वरचा सोडून द्या.

बाहीचंही तसंच. कुठे बाही २५ लिहितात आणि कुठे ३४, वाचणाऱ्याला वाटतं ३४ ची बाही म्हणजे गुडघ्यापर्यंत येणार की काय. २५ म्हणजे खांद्याच्या टोकापासून मनगटापर्यंत, ३४ म्हणजे मानेमागच्या मध्यापासून खांद्यावरून खाली. हात तेवढाच आहे.

मग करायचं काय, तर तुमचा तो मस्त बसणारा शर्ट आहे ना, तो काढा, सगळी बटणं लावा, टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने सारख्या करा आणि टेप घ्या. एका काखेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, हा छातीचा घेर. खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सरळ मोजा. पोटाजवळ सगळ्यात अरुंद जागी मोजून दुप्पट करा. बाही, आणि मागून कॉलरच्या खालपासून शर्टाची उंची. कॉलरसाठी बटण उघडून पट्टी सपाट करायची आणि बटणाच्या मध्यापासून काजाच्या लांबच्या टोकापर्यंत मोजायचं. हे पाच-सहा आकडे मोबाइलमध्ये टाकून ठेवा आणि यापुढे शर्टाच्या मापांशीच तुलना करा, ३८ - ४० - ४२ कडे बघूच नका. ज्या पानावर शर्टाची मापं दिलेलीच नाहीत तिथून मी तरी घेत नाही, अगदी आवडला तरी.

आता तुमचा तिसरा शर्ट. एकाच कंपनीचे दोन शर्ट थोडे वेगळे असणारच, कारण कापड थरावर थर रचून एकदम कापतात, वरचा थर आणि खालचा थर किंचित सरकतो, शिवणारे हात वेगळे, कधी कारखानाच वेगळा. अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे कंपन्या चालवून घेतात. एक शर्ट त्या बाजूला आणि दुसरा या बाजूला गेला की इंचभराचा फरक झालाच. पण दोघं मावतील एवढा फरक म्हणजे शिवणाऱ्याची चूक नाही, फिट वेगळा आहे. दोन्हींची लेबलं शेजारी ठेवून वाचा, एकावर स्लिम आणि दुसऱ्यावर काहीतरी दुसरं असणार. पुढच्या वेळी मला कळवा माझं बरोबर निघालं का ते.

प्रश्न : वय वाढलं तसं पोट थोडं पुढे आलंय, खोटं कशाला बोलू. पण ऑनलाइन जिकडे बघावं तिकडे स्लिम फिट. मी एक साइज मोठा घेतो, मग पोटाला बरा होतो पण खांदे दंडावर उतरतात आणि बाही बोटांपर्यंत येते. बाकीच्यांचं कसं जमतं?

उत्तर : बाकीच्यांचंही जमत नाही, ते फोटोत पोट आत घेतात.

स्लिम हा साइज नाही, कट आहे, हे एकदा मनात पक्कं केलं की अर्धं काम होतं. स्लिम कापताना धरून चालतात की माणसाची कंबर छातीपेक्षा बऱ्यापैकी बारीक आहे, म्हणून कंबरेला कापड खाऊन टाकतात, कधी पाठीवर दोन उभे टक्स, म्हणजे कापड चिमटीत धरून घातलेल्या शिवणी, मारतात. तुमची छाती ४० आणि पोट ४१ असेल तर छातीला ४४ असलेला स्लिम शर्ट पोटाजवळ ४० - ४१ असू शकतो, मग बटणाभोवती इंग्रजी एक्ससारख्या सुरकुत्या पडणारच, आणि बसलं की पोटाचा घेर वाढतो तेव्हा दोन बटणांमधून बनियन डोकावतो. एक साइज मोठा घेतला की फक्त पोट मोठं होत नाही, खांदा, कॉलर, बाही, उंची सगळंच वाढतं. म्हणून तुमचे खांदे उतरतात.

तुम्ही खांदा आणि छाती बरोबर बसेल असा साइज घ्या पण रेग्युलर किंवा क्लासिक फिटमध्ये, आणि पोटाच्या वर कुठे ढगळ वाटलं तर टेलरकडून बाजूच्या शिवणी आत घ्या. सैल शर्ट घट्ट करणं टेलरला सोपं असतं, उलटं मात्र होत नाही, कारण तयार शर्टाच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवलेलीच नसते, कापड वाचवायचं असतं ना त्यांना! पाठीवरचे टक्स उसवले तर थोडी जागा मिळते, पण सुईची भोकं रेषेसारखी दिसत राहतात, गडद रंगावर जास्तच. खांद्याच्या वाटेला मात्र जाऊ नका, खांदा बदलायचा म्हणजे बाही पूर्ण उसवायची, तेवढ्यात दुसरा शर्ट घेऊन होईल.

आणि ‘टेलर्ड’, ‘मॉडर्न’, ‘ट्रिम’, ‘स्मार्ट’ या नावांवर विश्वास ठेवू नका. एकाचा टेलर्ड दुसऱ्याच्या स्लिमपेक्षा तंग असतो. पोटाजवळचं माप दिलंय का तेवढं शोधा. कापडात २ - ३ टक्के इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असेल तर बसताना-उठताना बराच आराम वाटतो.

मुंढ्याचंही सांगतो, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईचं, कारण याकडे कुणी बघत नाही. हात वर केला की अख्खा शर्ट पँटमधून बाहेर येतो, मग आपण म्हणतो शर्ट घट्ट आहे किंवा उंचीला कमी आहे. बरेचदा मुंढा फार खाली कापलेला असतो म्हणून ते होतं. काखेजवळ बसणारा वरचा मुंढा घालताना अंगासरशी वाटतो पण हात मोकळा हलतो. स्वस्तात सगळ्यांना होईल असा शर्ट काढायचा म्हणून मुंढा खाली ठेवतात आणि कंबर तेवढी आवळतात, म्हणजे स्लिम दिसतो आणि घातल्यावर त्रास देतो. हे चार्टमध्ये सहसा सापडत नाही. घरी आल्यावर घालून बघायचं, हात वर, हात पुढे स्टेअरिंग धरल्यासारखे, खुर्चीत बसून, सगळी बटणं लावून. टॅग नंतर काढा.

प्रश्न : मुलाला शर्ट घेतला, घालून बघितला, छान बसला, टॅग काढले. एका धुण्यात बाही आखूड आणि कॉलरचं बटण लागेना. कापड शंभर टक्के कॉटन होतं, चांगलं म्हणूनच घेतलं होतं. आता कंपनी परत घेत नाही.

उत्तर : ताई, वाईट वाटलं, कारण चूक तुमची नाही. कॉटन आटतं, कारण विणताना आणि पुढच्या प्रक्रियेत धागे ओढले जातात, पाणी आणि उष्णता मिळाली की ते सैल होऊन मूळ जागी जातात. यावर उपाय फार जुना आहे, सॅनफर्ड क्लुएट नावाच्या माणसाने १९३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, कापड शिवायच्या आधीच मशीनवर दाबून आटवून घ्यायचं. त्यालाच सॅनफराइज्ड म्हणतात. नीट केलं तर नंतर एक टक्क्याच्या आसपासच आटतं. तुमच्या शर्टाचं ते नीट झालेलं दिसत नाही. ३ टक्के आटलं तरी हिशोब बघा, ४४ इंचाच्या घेरातून सव्वा इंचाहून जास्त गेला, ४० सेंटिमीटरच्या कॉलरमधून १ सेंटिमीटरच्या वर. तीन टक्के कागदावर काहीच वाटत नाहीत, गळ्याला मात्र लगेच कळतात.

आता त्या शर्टाचं, परत ओला करून, हलक्या हाताने बाही आणि कॉलर ओढून, सपाट वाळवून बघा, थोडं परत मिळतं. कॉलरचं बटण कडेकडे सरकवून अर्धा सेंटिमीटर काढता येतो. त्यापुढे काही होत नाही. पुढचा घेताना कॉलरमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा बघा, आणि कॉटन, लिनन, व्हिस्कोस असेल तर पहिलं धुणं गार पाण्यात आणि ड्रायरला नाही.

प्रश्न : फोटोतल्या मॉडेलला एम कसा काय एवढा चपखल बसतो? मलाही एमच लागतो!

उत्तर : त्याला एकदा मागे वळायला सांगा. पाठीवर चिमटे लावलेले असतात.