माकोंदो पडद्यावर आल्यावर: प्रेक्षकांचं म्हणणं कसं वाचावं

प्रिय मित्रा,

तुझा मसुदा वाचला. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी माकोंदो या काल्पनिक गावावर लिहिलेल्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीवरच्या नेटफ्लिक्स मालिकेबद्दल लोक काय म्हणतात ते तू मेहनतीनं जमवलं आहेस. पण ‘पुस्तकच चांगलं होतं’ आणि ‘छायाचित्रण अप्रतिम’ असे दोनच ढीग करून तू मोकळा झालास. हे दोन्ही निकाल आहेत. कोणत्या दृश्यात आणि कशामुळे प्रेक्षक गुंतला किंवा तुटला, हे शोधणं तुझं काम आहे.

त्यासाठी प्रत्येक प्रतिक्रियेसमोर आधी तीन नोंदी कर. कादंबरी वाचलेली आहे का? किती भाग पाहिले? मूळ स्पॅनिशमध्ये पाहिले की डब केलेले? मालिकेचे पहिले आठही भाग 11 डिसेंबर 2024 ला एकदम आले, त्यामुळे एकाच दिवशी कुणी पहिल्या भागावर बोलत होतं, तर कुणी आठव्यावर. शिवाय कंटाळून मध्येच सोडणारे लोक सहसा काही लिहीत नाहीत. दिवस जातात तसं मागे उरतात ते शेवटपर्यंत टिकलेले, आणि कौतुकाचं प्रमाण आपोआप वाढत जातं. तारीख न पाहता मोजणी केलीस, तर लोकांचं मत बदललं असं वाटेल. प्रत्यक्षात बोलणारे लोक बदललेले असतात.

आता सगळ्यात महत्त्वाच्या तक्रारीकडे ये: ‘जादू जाणवली नाही’, म्हणजे कादंबरीत रोजच्यासारख्या वाटणाऱ्या अशक्य घटना पडद्यावर तशा वाटल्या नाहीत. हिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालव.

बुएंदिया घराण्यातला थोरला मुलगा होसे आर्कादियो याच्या मृत्यूचा प्रसंग कादंबरीतून काढून समोर ठेव. रक्ताचा ओघळ दाराखालून निघतो, रस्ते ओलांडतो, बुएंदियांच्या घरात शिरतो, गालिचे खराब होऊ नयेत म्हणून भिंतीच्या कडेकडेनं जातो, आणि स्वयंपाकघरात पोचतो तेव्हा त्याची आई उर्सुला पावासाठी 36 अंडी फोडायच्या बेतात असते. त्या 36 मुळे आणि त्या गालिच्यांमुळे आपण ओघळावर विश्वास ठेवतो. आकाशात हत्ती उडताहेत म्हटलं तर कुणाला पटणार नाही, पण 425 हत्ती उडताहेत म्हटलं तर पटेल, असं गार्सिया मार्केझ यांनी 1981 च्या एका मुलाखतीत समजावलं होतं. ही बातमीदाराची युक्ती आहे.

कॅमेऱ्यापुढे ती लुळी पडते. पडद्यावर प्रत्येक वस्तू आपसूकच तपशिलासह दिसते. अंडी दिसतात, त्यांची संख्या कुणी मोजत नाही. मग विश्वास दुसरीकडून आणावा लागतो: पात्रांच्या चेहऱ्यांवरून, आवाजावरून, दृश्य किती वेळ टिकतं त्यावरून. म्हणून तक्रार ज्या दृश्याबद्दल आहे ते तीनदा बघ. एकदा आवाज बंद करून: पात्रं आ वासून बघतात की हातातलं काम चालू ठेवतात? एकदा डोळे मिटून: संगीत आधीच चढून ‘आता चमत्कार होणार’ असं सांगून टाकतं का? निवेदकाचा आवाज समोर दिसतंय तेच पुन्हा सांगतो का? तिसऱ्यांदा नेहमीसारखं. गरम चॉकलेट पिऊन 12 सेंटिमीटर वर उचलला जाणारा पाद्री निकानोर या कसोटीला उत्तम आहे. ‘ग्राफिक्स मस्त’ अशी दाद आली, तर तीही याच दोषाची खूण असू शकते, कारण त्या प्रेक्षकाचं लक्ष घटनेपेक्षा कारागिरीकडे गेलेलं असतं.

काळाची मागेपुढे होणारी मांडणी मालिकेत हरवली, ही नाराजी खरी आहे. कादंबरीचं पहिलंच वाक्य भविष्यातल्या गोळीबार पथकासमोरून मागे, बर्फाच्या आठवणीकडे जातं. मालिका बहुतांशी घटनाक्रमानं चालते. यामुळे नव्या प्रेक्षकाला कथा कळते आणि जुन्या वाचकाला ‘सगळं आधीच ठरलेलं आहे’ ही जाणीव कमी पडते. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच पहिली नोंद न चुकता कर.

नावांचा गोंधळ थोडक्यात आटप. पुस्तकात होसे आर्कादियोचा धाकटा भाऊ कर्नल औरेलियानो या एकट्याला 17 मुलगे आणि सगळ्यांचं नाव औरेलियानो. पडद्यावर चेहरे वेगळे असल्यानं हा त्रास कमी होतो, पण वयानुसार नट बदलला की नवा सुरू होतो. ‘हा कोण?’ हा प्रश्न नेमक्या त्या भागाभोवती वाढतो का, ते तपास.

रेमेदियोस मोस्कोतेबद्दलची अस्वस्थता मात्र ‘कादंबरीतच आहे’ म्हणून झटकू नकोस. पुढे कर्नल होणारा औरेलियानो तिच्या प्रेमात पडतो तेव्हा ती नऊ वर्षांची असते. वाचताना निवेदनाच्या वेगात नजर तिथून सरकून जाते; पडद्यावर एका मुलीचा चेहरा समोर उभा राहतो आणि सरकू देत नाही. कॅमेरा त्या वेळी कुणाच्या बाजूनं बघतो, हा विचारायचा प्रश्न आहे. ज्यांना हे दृश्य खुपलं, त्यांनी ते नीट पाहिलं आहे असं मी समजतो.

कोलंबियातल्या प्रेक्षकांचा रकाना वेगळा ठेव. मालिका तिथेच, स्पॅनिशमध्ये चित्रित झाली. लेखकाच्या दोन्ही मुलांनी, रोद्रिगो आणि गोन्सालो यांनी, निर्मितीत लक्ष घालताना या अटी महत्त्वाच्या मानल्या होत्या. कॅरिबियन किनाऱ्याचा बोलीचा हेल जमला की नाही, यावर तिथला माणूस तासभर बोलेल. डब ऐकणाऱ्याला तो प्रश्नच पडणार नाही. कथेतल्या लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या पक्षांच्या लढाया बाहेरच्यांना कल्पित वाटतात, तिथे 1899 ते 1902 चं हजार दिवसांचं यादवी युद्ध शाळेत शिकवतात. कादंबरीच्या उत्तरार्धातल्या केळीमळ्याच्या हत्याकांडामागे 1928 मध्ये कोलंबियातल्या सिएनागा इथे संपकरी केळीमळा कामगारांवर लष्करानं केलेला गोळीबार आहे. तो प्रसंग पाहून कुणी ‘अतिरंजित’ म्हटलं, तर म्हणणारा कुठला आहे हे कळल्याशिवाय त्या शब्दाला वजन देऊ नकोस.

सगळं एकदम लिहायला घेऊ नकोस. आधी रक्ताच्या ओघळाचं एकच दृश्य घे, त्यावरच्या प्रतिक्रिया तिन्ही नोंदींसह मांड, शेजारी कादंबरीतला उतारा ठेव, आणि ती दोन पानं मला पाठव.

तुझा,
एक जुना वाचक