तीन तासांचं टाइमटेबल आणि माझी 'शांत' झोपणारी लेक

तुम्ही लिहिलेलं काल रात्री वाचलं आणि खरं सांगते, नंतर मला झोप लागली नाही. बाळ सहा आठवड्यांचं, संध्याकाळी दर पाऊण तासाने अंगावर मागतंय, रात्री दोन-दोन तासांनी उठतंय, म्हणून तुम्हाला कोणीतरी सांगितलं की पाजण्यात ३ तासांचं अंतर ठेवा आणि रात्री १० नंतर पाजूच नका. आता गेल्या तीन रात्री ते सलग ७ तास झोपतंय, तर हेच चालू ठेवू ना, असं तुम्ही विचारलंय. पण अगदी शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, की हल्ली दिवसभरात चारच डायपर ओले होतात. माझं लक्ष त्या ओळीवरच अडकलंय.

आधी कामाचं. उद्या सकाळी बाळाचं वजन करून घ्या, कपडे काढून, आणि जमलं तर मागच्या वेळी ज्या काट्यावर केलं होतं त्याच काट्यावर. पहिले पाच दिवस गेले की बाळाने २४ तासांत निदान सहा तरी चांगले जड डायपर ओले करायला हवेत. चार म्हणजे पोटात कमी जातंय असंच धरून चाला, वजन काही वेगळं सांगेपर्यंत. शी किती वेळा होते त्यावरून अंदाज बांधू नका, या वयात अंगावर पिणारी काही बाळं दोन-चार दिवस शी करत नाहीत आणि तरी ठणठणीत असतात, शू मात्र खोटं बोलत नाही. आणि टाइमटेबल आजपासून बंद, रात्रीसुद्धा पाजा, झोपलं असेल तर उठवून पाजा. उठवूनही नीट जागं होत नसेल, तोंड कोरडं पडलं असेल, डोक्यावरची टाळू आत गेल्यासारखी दिसत असेल किंवा अंगात ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर सकाळची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे. मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे, त्यामुळे माझं बाकी सगळं बाजूला ठेवलंत तरी चालेल पण वजनाचं टाळू नका.

आता मी इतकी कळवळून का लिहितेय ते सांगते. माझी थोरली पाच आठवड्यांची होती आणि अगदी हेच चाललं होतं, संध्याकाळी पाच ते रात्री दहा ती अंगावरून सुटायचीच नाही, मला वाटायचं दूधच नाहीये म्हणून ही अशी करते. एका ठिकाणी स्तनपानाबद्दल सल्ला देतात म्हणून गेले, ठिकाणाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत छापील कागद हातात दिला, ७, १०, १, ४ असे तास आखलेले, प्रत्येक बाजूला १० मिनिटं, रात्री १० नंतर एकदम सकाळी. म्हणाल्या, आत्ता रात्री पाजलंत तर सवय लागेल आणि मग वर्षभर उठत राहील. मी पाजताना कशी पाजते हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, लेकीला माझ्या मांडीवरून खाली घेतलं नाही, वजन केलं नाही.

पहिल्या चार रात्री ती रडली. मी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते, नजर घड्याळाकडे, ती मुठी चोखतेय, मान वळवून छाती शोधतेय आणि माझा पान्हा फुटून कपडे भिजतायत, तरी मी पाजलं नाही कारण कागदावर तसं लिहिलं होतं. पाचव्या रात्री ती रडली नाही. आठ तास झोपली. मी घरात सगळ्यांना आनंदाने सांगितलं, फोन करकरून सांगितलं, की जमलं, लेक रात्रभर झोपायला लागली!

माझी सगळ्यात मोठी चूक टाइमटेबल पाळणं ही नव्हती, ती गप्प झाली याला मी यश समजले ही होती. पुरेसं दूध न मिळणारं बाळ नेहमी आरडाओरडा करतंच असं नाही. काही बाळं सुस्त होतात, जास्त झोपतात, अंगावर घेतलं की चार-पाच मिनिटं ओढतात आणि डोळे मिटतात, आणि आपल्याला वाटतं पोट भरलं. तीन आठवड्यांनी लसीसाठी गेलो तेव्हा वजन झालं, २१ दिवसांत २१० ग्रॅम. म्हणजे दिवसाला १०. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं अशी अपेक्षा असते. मी तशीच त्या सल्ल्याच्या ठिकाणी गेले, तर त्याच बाई म्हणाल्या तुमचं दूध आटलंय, वरचं सुरू करा. मी पर्समधून त्यांचाच कागद काढून समोर ठेवला. त्यांनी तो बघितला आणि म्हणाल्या, हो, हे बरोबरच आहे. याला आता बरीच वर्षं झाली पण ते वाक्य आठवलं की अजून डोळ्यांत पाणी येतं, कारण माझं दूध आपोआप आटलं नव्हतं, ते या कागदाने आटवलं होतं.

कसं ते ऐका. छाती जितका वेळ भरलेली राहते तितका दूध बनण्याचा वेग कमी होत जातो, रिकामी झाली की वाढतो. रात्री आठ-आठ तास छाती दाटून दगड होऊ दिली तर शरीर समजतं की एवढं नकोय. त्यात दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं, म्हणजे नेमकं ज्या वेळेचं पाजणं सगळ्यात कामाचं तेच मी बंद केलं. शिवाय एका वेळी किती दूध साठतं हे प्रत्येक बाईचं वेगळं, एखादीचं बाळ ३ तास तग धरेल, एखादीचं दीड तासात पुन्हा मागेल, आणि दोन्ही बाळं दिवसभरात सारखंच पीत असतील. १० मिनिटांचा नियमही तसाच, छाती रिकामी होत जाते तसं दुधातलं स्निग्ध वाढत जातं, बाळ मन लावून पीत असताना घड्याळ बघून काढलं तर तेच राहून जातं. त्याने आपणहून सोडेपर्यंत पाजा, मग दुसरी बाजू द्या.

नंतर वाचताना मला कळलं की ही घड्याळाची पद्धत केवढी जुनी आहे. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग नावाचे डॉक्टर होते, १९०७ मध्ये त्यांनी आई-बाळांच्या आरोग्यासाठी प्लंकेट सोसायटी नावाची संस्था सुरू केली, त्यांचा आग्रह दर चार तासांनी पाजायचं आणि रात्री अजिबात नाही असा होता. आज जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की बाळ मागेल तेव्हा, दिवसा आणि रात्रीही पाजा. तरी तो कागद कुठेतरी अजून छापला जातोच आहे आणि ओल्या बाळंतिणीच्या हातात दिला जातोय, याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या बाळाचं संध्याकाळचं सारखं मागणं हा आजार नाही आणि वाईट सवयही नाही. या वयात २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं हे नेहमीचं, आणि त्यातलं बरंचसं संध्याकाळी एकापाठोपाठ. रडणंही साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बरंच उतरतं. दिवस-रात्रीचा फरक शरीराला कळायला दोन-तीन महिने जातात. 'रात्रभर झोपतं' म्हणजे काय हेही विचारून घ्या बरं, झोपेच्या अभ्यासात कित्येकदा मध्यरात्र ते पहाटे ५ एवढ्यालाच रात्रभर म्हणतात. २०१८ मध्ये कॅनडातला ३८८ बाळांचा एक अभ्यास आला होता, त्यात ६ महिन्यांची साधारण ३८ टक्के बाळं सलग ६ तास झोपत नव्हती आणि वर्षाची झाली तरी २८ टक्के नव्हतीच, आणि न झोपणाऱ्यांचा विकास मागे होता असंही दिसलं नाही. तुमचं तर सहा आठवड्यांचं आहे हो.

हे मात्र खरं की रात्रीचा प्रत्येक आवाज म्हणजे भूक नसते. धाकट्याच्या वेळी हे शिकले. तान्ह्या बाळांची निम्मी झोप हलकी असते, त्यात ती कण्हतात, हातपाय झाडतात, तोंड वेडंवाकडं करतात, एखादी किंकाळीसुद्धा मारतात आणि डोळे मिटलेलेच असतात. मी अर्धा-एक मिनिट हात लांब ठेवून बघायचे, परत शांत झाला तर ठीक, मुठी तोंडात जायला लागल्या की लगेच जवळ घ्यायचे, रडेपर्यंत थांबायचे नाही कारण रडायला लागलं की लॅच, म्हणजे बाळाने छाती तोंडात नीट पकडणं, होत नाही. दिवा मंद, बोलणं नाही, भिजलं असेल तरच डायपर. ढेकर आणि परत झोपवणं नवऱ्याकडे, तेवढी माझी वीस मिनिटं वाचायची, आणि त्या दिवसांत वीस मिनिटं म्हणजे फार मोठी गोष्ट होती.

तुम्हाला कोणीतरी रात्रीच्या बाटलीत सीरियल, म्हणजे बाळांसाठीचं धान्याचं पीठ, कालवून द्यायला सांगितलंय असंही लिहिलंत. कृपा करून नको. ६ महिन्यांपर्यंत दूध सोडून काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि त्याने बाळ जास्त झोपत नाही, घशात अडकायची भीती वेगळी. अजून एक, तुम्ही म्हणालात की पाजताना सोफ्यावर डोळा लागतो. हे फार धोक्याचं आहे, बाळ उशांच्या फटीत सरकून गुदमरू शकतं. झोप अनावर होत असेल तर नवऱ्याला उठवून शेजारी बसवा. पाजून झालं की बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशी-पांघरूण-खेळणी काही नाही, पण तुमच्याच खोलीत.

माझ्या लेकीचं गाडं रुळावर यायला तीन आठवडे लागले. प्रत्येक वेळी आधी अंगावर, मग थोडं फॉर्म्युला, मग पंप, रात्री दोनदा उठून, आणि दिवसा तासन् तास तिला उघड्या छातीवर घेऊन पडून राहायचं. फॉर्म्युला दिला म्हणून मी तेव्हा खूप रडले होते, आज कोणालाही रडू देणार नाही. वजन कमी पडत असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं बिनदिक्कत द्या, फक्त त्यासोबत छाती रिकामी करणं थांबवू नका. पहिल्या आठवड्यात २०० ग्रॅम वाढली तेव्हा ती पुन्हा रात्री उठायला लागली होती, रडायला लागली होती, आणि तो आवाज मला फार बरा वाटला होता.

काही बाळं सहा आठवड्यांची असताना खरंच सलग सहा-सात तास झोपतात, डायपरही भरपूर ओले करतात आणि वजनही छान वाढतं, अशांना उठवायची गरज नसते. तुमचं त्यातलं निघालं तर मला आनंदच होईल. वेळेआधी जन्मलं असेल किंवा जन्माचं वजन कमी असेल तर मात्र हा सगळा हिशोब वेगळा, मग माझं नाही, तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

उद्या वजन झालं की मागचा आकडा आणि उद्याचा आकडा, दोन्ही तारखांसकट इथे लिहा, रोजची सरासरी काढून बघू. आणि नुसतं वजन करून परत येऊ नका. पाजायची वेळ होईल अशा बेताने जा आणि कोणीतरी समोर बसून एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्हाला पाजताना बघावं असं मागून घ्या, वेळ नाही म्हणाले तरी तिथेच बसून राहा. माझं तेव्हा कोणी बघितलं नव्हतं.