परसातील माती आणि नातवंडांच्या ताटातील पालक

प्रश्न : आमच्या घरामागे पूर्वी सूत रंगवण्याचा छोटा कारखाना होता आणि एका कोपऱ्यात गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात. आता तेथे मी पालक, चुका, मुळा आणि वांगी लावली आहेत. भाजीत शिसे उतरते का? नीट धुऊन शिजवल्यास धोका टळतो का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : शिसे हे मूलद्रव्य असल्याने शिजवून ते नाहीसे होत नाही, धुण्याचा मात्र खरोखर उपयोग होतो. सोलापूरकडील काळी माती चिकण, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असल्यामुळे शिसे तिच्या कणांना घट्ट चिकटून राहते, मुळांना फार थोडे मिळते आणि जे मिळते त्यातलेही बहुतेक मुळांतच अडकते. म्हणून वांग्यापर्यंत ते अगदी कमी पोहोचते. मुळा सोलूनच खावा. पालक-चुक्यावर पावसाच्या थेंबांनी उडालेली माती हीच शिशाची मोठी वाट असते, त्यामुळे पाने दोन-तीन पाण्यांतून धुवावीत.

कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूचे तसे नाही. त्याचे जस्ताशी रासायनिक साम्य असल्याने ते मुळांवाटे सहज आत शिरते, पानांत साठते आणि धुऊन जात नाही. अल्कधर्मी मातीत ते कमी मोकळे होते, हा आपल्याकडचा दिलासा. परंतु बाग बोअरच्या खाऱ्या पाण्यावर असेल, तर त्यातील क्लोराइड कॅडमियमशी जोडले जाऊन ते पुन्हा विरघळलेल्या रूपात मुळांपाशी येते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पालेभाजीत कॅडमियमची कमाल मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम आणि शिशाची 0.3 मिलिग्रॅम आहे.

तपासणीबाबत अनेकांची फसगत होते. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, पण त्यांत शिसे किंवा कॅडमियम नसते. प्रयोगशाळेकडे एकूण शिसे, कॅडमियम आणि, जागा रंगकामाची असल्यामुळे, क्रोमियमही स्पष्टपणे मागावे. वरच्या 15 सेंटिमीटर थरातील माती घ्यावी आणि बॅटरीच्या कोपऱ्याचा नमुना इतर मातीत मुळीच मिसळू नये, कारण सरासरीत तो कोपरा चांगला दिसू लागतो.

अहवाल येईपर्यंत तेथील पालेभाजी नातवंडांना देऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे. पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात प्रौढांच्या चार-पाच पट शोषले जाते, आणि त्याचा मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून येत नाही. तोवर बाहेरून आणलेली खात्रीची माती व शेणखत भरून कुंड्यांत पालक लावता येईल.

मुलांच्या बाबतीत भाजीपेक्षाही मातीचे हात तोंडात जाणे अधिक घातक असते. म्हणून बॅटरीचा तो कोपरा खणू किंवा झाडू नये. आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि मग त्यावर फरशी घालून घ्यावी. हे काम आपण भाजीच्या आधी करावे.