आमच्या चर्चच्या मंडळीतली एक मुलगी देवावरच्या विश्वासाबद्दलच्या शंका माझ्यापाशी बोलते. मी काही शिकलेली नाही, तिला सोबत कशी करू?

तुम्ही लिहिलंय की ती दर रविवारी उपासनेनंतर थांबते, 'प्रार्थना कोरडी झालीय' म्हणते आणि तुम्हाला काय बोलावं ते सुचत नाही. मी गेली काही वर्षं नाशिकमध्ये हेच सोबतीचं काम करते आहे, म्हणून लिहिते. सुचत नाही हे बरंच आहे. मला फार सुचायचं.

एक बाई नवरा गेल्यानंतर माझ्याकडे आल्या. मी चहा ठेवला, पवित्र शास्त्र उघडलं आणि सांत्वनाची वचनं एकामागून एक वाचत गेले. त्यांच्या चहावर साय धरली. त्या 'बरं' म्हणून उठल्या आणि तीन आठवडे फिरकल्या नाहीत. परत आल्या तेव्हा मी एवढंच विचारलं, "देवाला काय सांगावंसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "त्याला विचारायचंय, तेव्हा कुठे होतास?" मी म्हटलं, "मग तेच विचारा." त्या दिवशी आम्ही पवित्र शास्त्रातलं ८८वं स्तोत्र वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. "असं देवाशी बोललं तर चालतं?" त्यांनी विचारलं आणि पहिल्यांदा रडल्या.

पवित्र शास्त्रातल्या म्हाताऱ्या याजक एलीची आणि त्याच्याकडे राहणाऱ्या लहान शमुवेलाची गोष्ट आठवा. रात्री हाक ऐकून, एलीनेच बोलावलं असं समजून शमुवेल तीनदा धावत त्याच्याकडे आला. हाक एलीला ऐकू आलेली नव्हती, पण तिसऱ्या वेळी हाक देवाची आहे हे त्याने ओळखलं आणि पोराला परत पाठवलं: जा, नीज, आणि म्हण, 'बोल, तुझा दास ऐकत आहे.' तुमचं काम एवढंच आहे. देव त्या मुलीशी आधीच बोलतो आहे. ते ओळखायला तिला मदत करायची, मध्ये उभं राहायचं नाही.

ओळखायचं कसं, याची एक रीत मला इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताकडून मिळाली; तो आधी सैनिक होता. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं, की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन रितं होतं. संतांसारखं जगावं असं मनात आलं की आनंद मागे उरतो. म्हणून मी विचारते, 'तो विचार येऊन गेल्यावर मन कसं होतं?' त्याचा आणखी एक नियम त्या मुलीसाठी आत्ताच लागू आहे: मन कोरडं असताना आधीचा निर्णय बदलू नये. मंडळी सोडावी का, असं ती म्हणत असेल, तर थोडं थांबायला सांगा.

घाई तर नकोच. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो काही वर्षांनी, स्वतःच्या पावलांनी. नवऱ्यालाही ते लवकर घडवून आणता आलं नाही.

भेटायला मी कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक निवडते. समोरासमोर बसलं की माणूस तोंडाकडे बघून बोलतं. शेजारी शेजारी चालताना आतलं बाहेर येतं. पुन्हा उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूनेही दोन शिष्यांना चालता चालताच आधी विचारलं, तुम्ही कशाबद्दल बोलताय? सगळं ठाऊक असून विचारलं.

ती जे सांगेल ते पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनाही सांगायचं नाही, 'प्रार्थनेसाठी विषय' म्हणूनसुद्धा नाही. आमच्या मंडळ्यांत बातमी अशीच फिरते, आणि एकदा फिरली की ते माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. मात्र झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नाही असं ती म्हणाली, तर ते गुपित ठेवू नका. त्याच दिवशी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. तिथे निव्वळ प्रार्थनेवर भागवणं चुकीचं आहे.

आणि स्वतःसाठीही कुणीतरी शोधा. मी महिन्यातून एकदा नाशिकरोडला एका वयस्कर सिस्टरांकडे जाते. त्या कॅथलिक जोगीण, मी सी.एन.आय.ची, म्हणजे प्रोटेस्टंट चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची; आमचं त्यावाचून कधी अडलं नाही. मी इतरांबद्दल बोलायला लागले की त्या हात वर करून थांबवतात आणि विचारतात, "ते राहू दे. तुझी प्रार्थना कशी चालली आहे?"